रात्रीच्या फेरीची विजेरी

परभणीहून एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या घरीं तीन भावांचा एकत्र संसार असून, धाकट्या दिरांनीं हौसेनें आणलेला वाघ्या नांवाचा कुत्रा आतां सर्वस्वीं मामंजींच्या स्वाधीन झाला आहे. (हौस एकाची आणि उस्तवार दुसऱ्याची, हा एकत्र कुटुंबाचा जुनाच न्याय होय.) मामंजींचें वय सत्तरीच्या पुढें, रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं ते वाघ्याला घेऊन वसमत रस्त्याकडील नव्या वसाहतींतून अर्धा-पाऊण तास फिरून येतात. हातांत मोबाईल, आणि त्याचाच काय तो उजेड. "त्यांना एक भरंवशाची विजेरी घेऊन द्यावी असें आम्हां जावांच्या मनांत आहे, पण दुकानांत गेलें कीं दहा प्रकार पुढें येतात, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर मोठमोठे आंकडे. कोणती घ्यावी?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु तो ज्या भागांतून आला तो भाग ध्यानीं घेतला म्हणजे त्याचें महत्त्व कळूं लागतें. उन्हाळ्यांत परभणीचा पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जाणें हें तेथील लोकांना नवें नाहीं. अशा दिवशीं डांबरी रस्ता सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेला राहतो आणि मुक्या जनावराच्या तळव्यांना त्याचे चटके बसतात. (आपल्या हाताची पालथी बाजू पांचसात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी, आपल्याला सोसवत नसेल तर कुत्र्यालाही सोसत नाहीं.) तेव्हां फिरणें पहांटे अथवा रात्रीं उशिरां, एवढेच दोन मार्ग उरतात, आणि ज्यांच्या पहांटा फुलें वेंचण्यांत व पूजेंत जातात ते अर्थातच रात्र पत्करतात. पुढें मृग लागला कीं उन्हाचा ताप संपतो आणि दुसराच सुरू होतो. उन्हाळ्यांत भेगाळलेली काळी जमीन पाणी पिऊन मिटते, बिळांत पाणी शिरतें, बेडूक बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग सापही. जिंतूर रस्ता, गंगाखेड रस्ता, वसमत रस्ता, कोणत्याही बाजूस पाहा; शहराच्या कडेला जेथें आज बंगले उठत आहेत तेथें कालपरवांपर्यंत शेतेंच होतीं. प्लॉट पाडले म्हणून सापांनीं जागा सोडलेली नसते.

भारतांत इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, म्हणजे दरसाल सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानें केला आहे. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चार साप माणसाला विशेष घातक. त्यांपैकीं मण्यार हा पक्का निशाचर. काळेंनिळें अंग आणि त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे. ओल्या डांबरावर तो पडलेला असला तर एखाद्या दोरीच्या तुकड्यासारखा, किंबहुना तितकाही दिसत नाहीं. त्याचा दंश फारसा दुखत नाहीं, हीच त्यांतली भयंकर गोष्ट. घोणस अंगानें जाड. तिच्या तपकिरी पाठीवर गडद ठिपक्यांच्या सांखळ्या असतात आणि वाळलेल्या पाल्यांत ती बेमालूम मिसळून जाते. कुत्र्याचें नाक सदा जमिनीशीं आणि त्याची जिज्ञासा अनावर. गवतांत पहिलें तोंड वाघ्याचें जाईल आणि त्याच्या मागें पाऊल पडेल तें मामंजींचें.

म्हणून विजेरी घेतांना पहिला प्रश्न असा विचारावा, कीं हिचा उजेड आपल्या पायापुढचीं सहासात पावलें नीट दाखवितो कीं नाहीं? दुकानदार मात्र ती दुकानाबाहेर नेऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर मारून दाखवितो, आणि आपण खूष होतों. टाकीपर्यंत पोहोंचणाऱ्या उजेडाचा या कामीं कांहीं उपयोग नाहीं.

जुन्या पिढीच्या हातीं कंदील असे. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील ज्या घरांनीं वापरला त्यांतल्या आजीआजोबांना त्याची आठवण असेल. उजेड मंद, काच रोज राखेनें पुसावी लागे, वात वर केली कीं काजळी धरी. पण त्याचा एक मोठा गुण होता. तो गुडघ्याच्या उंचीवर लोंबत असे आणि भोंवतालची जमीन चारी बाजूंनीं उजळीत असे. विजेरीचा अवतार निराळा. न्यूयॉर्कमध्यें राहणाऱ्या डेव्हिड मायसेल या गृहस्थांना १० जानेवारी १८९९ रोजीं तिचें पेटंट मिळालें. त्या वेळचे सेल इतके दुबळे असत कीं उजेड क्षणभर चमकवून पुनः विझवावा लागे. 'फ्लॅशलाइट' हें इंग्रजी नांव त्या चमकण्यावरून पडलें. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें बल्बच चालला, आणि त्याच्या तारेंत विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपानें वाया गेला. आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांनीं निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा सिद्ध केला आणि त्यापासून पांढरा उजेड मिळूं लागला. त्या कामाबद्दल त्यांना २०१४ सालचें नोबेल पारितोषिक लाभलें. प्रकाश असा स्वस्त झाला, आणि खोक्यांवरील आंकड्यांची शर्यत तेव्हांपासून सुरू झाली.

त्या आंकड्यांतले तीनच समजून घ्यावे. विजेरींतून एकंदर बाहेर पडणारा प्रकाश ल्यूमेनांत मोजतात. एका दिशेस झोत किती तीव्र आहे तें कँडेलांत मोजतात. आणि 'पल्ला' म्हणून जें अंतर छापलेलें असतें तें असें, कीं जेथें पोहोंचेपर्यंत उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो. कँडेलाच्या आंकड्याचें वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करावी, कीं मीटरांत पल्ला आला. १०,००० कँडेलाची विजेरी २०० मीटर. हिशेब सोपा आहे. आतां चांदण्याइतक्या उजेडांत २०० मीटरांवरचें काय दिसणार हें ज्याचें त्यानेंच ठरवावें. हे मोजमापाचे नियम अमेरिकेंत २००९ सालीं बांधण्यांत आले आणि 'एफएल-१' या खुणेनें चांगले कारखाने ते पाळतात. ज्या खोक्यावर ही खूण नाहीं आणि ल्यूमेन मात्र लाखांनीं मोजलेले आहेत, तें खोकें खालीं ठेवावें.

त्याच नियमांत विजेरी किती वेळ चालते हेंही ठरविलें आहे, आणि येथें भोळा गिऱ्हाईक फसतो. हा काळ उजेड मूळच्या एक दशांशावर उतरेपर्यंत मोजतात. म्हणजे 'आठ तास' लिहिलेली विजेरी पहिलीं पांचदहा मिनिटें झगझगीत जळून पुढचा सारा वेळ मिणमिणत राहिली, तरी तें लिहिणें खोटें ठरत नाहीं. यास्तव मोठ्या उजेडाचा आंकडा न पाहतां मधला उजेड पाहावा. शंभर ते दीडशें ल्यूमेनांचा पसरट, शांत उजेड जी दोनतीन तास एकसारखा देते ती या कामाला उत्तम. याहून अधिक तेज नुसतें निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही आहे. अंधाराला सरावण्यास आपल्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटें लागतात. झगझगीत झोत जमिनीवर टाकला कीं डोळा त्या एका वर्तुळाचा गुलाम होतो आणि वर्तुळाबाहेर सगळा काळोख. वृद्धांच्या डोळ्यांस तर ही तफावत अधिकच बाधते.

या विषयांतलें खरें ज्ञान मात्र दुकानांत नसून जिल्ह्याच्या शेतांत आहे. शेतीपंपांची वीज कित्येक वर्षें आळीपाळीनें कधीं दिवसा, कधीं रात्रीं मिळत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यांत २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. परंतु त्याआधीं हरभऱ्याला व गव्हाला पाणी देण्यासाठीं मध्यरात्रीं उठून चिखलांतून दंड धरीत फिरणें हें पूर्णेकांठच्या व गोदाकांठच्या शेतकऱ्याच्या अंगवळणीं पडलेलें होतें. त्यानें शोधून काढलेलें उत्तर म्हणजे डोक्याला पट्ट्यानें बांधायची बॅटरी. एका हातीं फावडें, दुसऱ्या हातीं काठी, आणि उजेड कपाळावर. (विजेरी हा शब्द आम्हां लिहिणाऱ्यांचा, परभणीच्या बाजारांत 'बॅटरी' म्हणावें, आणि तिच्यांत घालतात त्यास 'सेल'. विजेरी मागितली तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील.)

वाघ्याच्या फेरींतही अडचण हीच आहे. दोरी, काठी आणि उजेड, वस्तु तीन व हात दोन. यांपैकीं काठी टाकून चालणार नाहीं, कारण सापाला आपलें बोलणें फारसें ऐकूं येत नसलें तरी जमिनीचा कंप त्याला कळतो. काठी आपटीत गेलें तर तो बहुधा वाट सोडतो. दोरी कमरेला बांधण्याची युक्ति कोणी सुचवील, पण ती तरुणांपुरती. मांजर पाहून कुत्र्यानें हिसका दिला तर सत्तरीच्या माणसाला त्या दोरीसकट खालीं यावें लागेल, आणि त्या वयांत मोडलेलें खुब्याचें हाड सर्पदंशाइतकेंच दुःख देतें. तेव्हां उजेडच हातावेगळा केला पाहिजे.

मात्र तो कपाळावर न ठेवतां कमरेला ठेवावा, असें आम्ही आग्रहानें सांगूं. याला कारण आहे. डोळ्याच्या अगदीं जवळून निघालेल्या उजेडांत वस्तूची सावली वस्तूच्या मागेंच लपते आणि जमीन सपाट दिसते; दगड, खड्डा व वेटोळें सारखेंच. तोच उजेड कमरेच्या उंचीवरून तिरपा पडला म्हणजे प्रत्येक खड्याची लांब सावली पडते आणि बोटाएवढी जाड वस्तुही उठून दिसते. शिवाय हिंवाळ्यांतल्या धुक्यांत कपाळावरचा उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो, खालचा तितका येत नाहीं. कंदिलाचा गुण म्हणून वर जो सांगितला तो हाच. काटकोनांत डोकें असलेल्या आणि मागें चाप असलेल्या विजेऱ्या मिळतात. त्या सदऱ्याच्या खिशाला किंवा पट्ट्याला अडकवितां येतात. ती न मिळाल्यास शेतकऱ्यांचीच डोक्याची बॅटरी घेऊन तिचा पट्टा सैल करून कमरेला बांधावा आणि तोंड खालीं वळवावें. काम तेंच होतें आणि किंमतही थोडी पडते.

रंगाविषयीं दोन शब्द. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो आणि त्यांत तपकिरी, मातकट व हिरवट रंग एकमेकांत मिसळून फिके दिसतात. घोणस आणि पाला यांतला फरक तेथेंच बुजतो. किंचित पिवळसर, उन्हासारख्या उजेडाची विजेरी मिळाली तर ती घ्यावी, मग तिचे ल्यूमेन थोडे कमी असले तरी चालतील. दुकानांत परीक्षा करावयाची तर आपला तळहात आणि एखादें तपकिरी कापड तिच्या उजेडांत धरून पाहावें. हात प्रेतासारखा दिसला तर ती परत करावी. कांहीं विजेऱ्यांत जांभळा, अतिनील किरणांचा दिवाही जोडलेला असतो. तो वाटेवर निरुपयोगी. परंतु विंचू त्या किरणांत हिरवट-निळा चमकतो, ही सृष्टीची मोठी नवलाची गोष्ट आहे. मागच्या अंगणांतली सरपणाची रास किंवा विटांचा ढीग उपसण्याआधीं मुलांना बाजूस ठेवून असा दिवा फिरवून पाहावयास हरकत नाहीं.

आतां सेलांविषयीं, आणि एकत्र कुटुंबांत विजेरीचा भरंवसा ठरतो तो येथेंच. पेन्सिल सेलांवर चालणारी विजेरी घरांत आली कीं तिचें भवितव्य ठरलेलें. भिंतीवरचें घड्याळ बंद पडतें, दिवाणखान्यांतून कोणी तरी म्हणतें, "तात्पुरते विजेरींतले काढा", आणि तें तात्पुरतें श्रावणापासून दिवाळीपर्यंत टिकतें. नातवाची मोटारही त्याच सेलांवर चालते. विजेरी खुंटीवर लटकलेली दिसते, प्रत्येकाला वाटतें ती तयार आहे, आणि ज्या रात्रीं वीज जाते त्या रात्रीं तिचें पोट रिकामें निघतें. दुसरी गत त्याहून वाईट. साध्या स्वस्त सेलाचा जस्ताचा डबा हाच त्याचा एक ध्रुव असतो आणि वापराबरोबर तो आंतून झिजत जातो. सेल संपल्यावर तसाच ठेवला कीं डबा फुटून द्रव गळतो आणि विजेरीच्या पट्ट्या हिरव्या पडतात.

म्हणून रोजच्या फेरीसाठीं आम्ही लिथियम सेलाची, मोबाईलच्याच तारेनें भरणारी विजेरी पसंत करूं. तिचा सेल घड्याळांत बसत नाहीं, हा तिचा आमच्या दृष्टीनें पहिला सद्गुण, बाकीचे मागाहून. असा सेल बहुधा १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो आणि त्यावरून त्यास '१८६५०' म्हणतात. त्याची धारणाशक्ति साडेतीन-चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या पुढें जात नाहीं; ९९०० छापलेला सेल सरळ खोटा समजावा. तो उशीखालीं किंवा गादीवर ठेवून भरूं नये, वैशाखांत उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत विसरूं नये, आणि फुगलेला दिसल्यास लगेच काढून टाकावा. विजेरीवर शिल्लक दाखविणारे तीनचार बारीक ठिपके असावे. सेल संपण्याआधीं सूचना देणारी विजेरी आणि एकाएकीं मिटणारी विजेरी यांत भरंवशाचा सारा फरक आहे.

आणि तरीही पेन्सिल सेलांची एक साधी विजेरी घरीं असूं द्यावी. पावसाळ्यांत वीज दोन दिवस गेली तर लिथियम भरणार कशावर? पेन्सिल सेल मात्र सोनपेठ-पालमच्या लहानशा दुकानांतही मिळतात. तिचे सेल तिच्यांत न ठेवतां शेजारीं डबींत ठेवावे, आणि त्या डबीची किल्ली, घरांत अशी एखादी व्यक्ति असतेच, जिच्याकडून कांहीं मागतांना सगळे दोनदां विचार करतात, तिच्याकडे द्यावी.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यांत. पावसाचा शिंतोडा सोसण्यास 'आयपीएक्स-४' ही खूण पुरे. 'आयपीएक्स-७' असली तर विजेरी अर्धा तास एक मीटर पाण्यांत पडूनही जगते. कळ एकच असावी आणि पहिल्या दाबासरशीं मधला उजेड लागावा; पांच वेळां दाबून लुकलुकणारा उजेड ओलांडीत जाणारी विजेरी वृद्धांच्या हातीं देऊं नये. उजेड समोरून येणाऱ्याच्या तोंडावर मारूं नये, कुत्र्याच्या डोळ्यांवर तर मुळींच नव्हे. त्याच्या डोळ्यामागें आरशासारखा पडदा असतो आणि आपल्याहून पुष्कळ कमी उजेडांत त्याला दिसतें.

मोबाईल घरीं ठेवावा असें मात्र नाहीं. त्याचा उजेड विझवून तो खिशांत ठेवावा आणि त्यांतली वीज १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठीं राखावी. पायांत वहाणा नकोत, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. मामंजींची समजूत घालण्याचें काम सुनांहून नातवंडें चांगलें करतील. दंश झालाच, किंवा नुसता संशय आला, तरी जखम कापणें, चोखणें, आंवळून दोरी बांधणें यांपैकीं कांहीं करूं नये. अंगठ्या-कडीं काढावीं, तो अवयव न हालवितां माणसाला तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें. दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. मण्यारीच्या दंशांत पापण्या जड होऊन मिटूं लागणें हेंच पहिलें लक्षण असतें. वाघ्यासाठींही हाच नियम. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्रीं तेथें अथवा जवळच्या पशुवैद्यांकडे कोणास गांठावयाचें तें आजच विचारून क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

तेव्हां भगिनींनो, काटकोनी डोक्याची, चापाची, पिवळसर उजेडाची, लिथियम सेलाची अशी एक विजेरी घ्या. दरवाजाच्या आंतल्या बाजूस जेथें वाघ्याची दोरी टांगतां त्याच खुंटीजवळ तिला भरण्याची तार असूं द्या, म्हणजे दोरी परत लावतांना विजेरीही आपोआप तारेला लागेल. आणि वसमत रस्त्यावर रात्रीं मालमोटारी वेगानें जातात, म्हणून चकाकणारा पट्टा दोन हात जास्त आणा. एक तुकडा वाघ्याच्या गळ्यांत घाला. दुसरा मामंजींच्या पाठीवर लावावयाचा. तो ते लावूं देणार नाहींत, तेव्हां त्यांच्या काठीला गुंडाळून टाका.